जखम पाहून : अपघातग्रस्तांच्या राष्ट्रीय नोंदवहीविषयी

सभासदाच्या बखरीत प्रतापगडच्या प्रसंगानंतरचा (१६५९) एक तपशील येतो. अफजलखानाच्या वधाच्या रोमहर्षक वर्णनापुढे तो सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. लढाईत कामी आलेल्यांच्या कुटुंबांची व्यवस्था कशी लावली हे सांगून सभासद जखमींकडे वळतो आणि पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंतच्या रकमा त्यांना जखम पाहून दिल्याचे नमूद करतो. कृष्णाजी अनंताने ही बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला, म्हणजे घटनेनंतर तीन-साडेतीन दशकांनी लिहिली. त्यामुळे हे आकडे कितपत काटेकोर मानावेत, याविषयी अभ्यासकाने सावध असावे हे बरे. परंतु आकड्यांपेक्षा त्यांच्यामागचा व्यवहार अधिक बोलका आहे. जखम पाहून रक्कम द्यायची, तर कोणीतरी जखमींची यादी करावी लागते, हलक्या-भारी जखमांची प्रतवारी लावावी लागते आणि ती यादी निर्णय घेणाऱ्याच्या हाती पोचवावी लागते. लढाईतला जखमी हा राज्याच्या हिशेबाचा विषय आहे, ही जाणीव त्या दोन शब्दांत आहे.

हीच प्रतवारी आधुनिक वैद्यकाने १९७४ मध्ये गणिताच्या भाषेत मांडली. अमेरिकेत सुसान बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराचे सहा भाग कल्पून, सर्वाधिक जबर इजा झालेल्या तीन भागांच्या गुणांवरून जखमेच्या तीव्रतेचा एक अंक काढण्याची रीत सुचवली. त्याच वर्षी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन मेंदूशल्यचिकित्सकांनी रुग्णाची शुद्ध मोजण्याचे कोष्टक प्रसिद्ध केले. आज जगातील बहुतेक ट्रॉमा केंद्रांत ही दोन्ही मापे वापरली जातात. आपल्याकडील डॉक्टरांनाही ती ठाऊक आहेत. तरीही गेल्या वर्षी या देशात किती माणसे जबर जखमी झाली, त्यांपैकी किती वेळेत उपचारांपर्यंत पोचली, किती वाचली आणि न वाचलेल्यांपैकी किती वाचू शकली असती, या साध्या प्रश्नांचे उत्तर देणारी नोंद आपल्याजवळ नाही. ती का नाही आणि का हवी, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

विचार करण्यासाठी उचगाव हे गाव सोयीचे आहे. (बेळगावजवळचे उचगाव वेगळे; हे कोल्हापूरलगतचे, करवीर तालुक्यातले.) पुणे-बेंगळुरू महामार्ग या गावाच्या हद्दीतून जातो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणत, २०१०च्या फेररचनेनंतर तो ४८ झाला. सुवर्ण चतुष्कोन योजनेत या शतकाच्या पहिल्या दशकात रस्ता चौपदरी झाला आणि वाहनांचा वेग वाढला. उत्तरेला शिरोलीची आणि दक्षिणेला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, शेजारी गांधीनगरची कापडपेठ, पुलाखालून हुपरीकडे जाणारी वाहतूक आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या, असा हा परिसर आहे. महामार्गावरचा मालमोटारींचा प्रवाह आणि गावातल्या माणसाची दुचाकी येथे एकमेकांना छेदतात. त्याखेरीज फौंड्रीत पोळणारे, यंत्रात हात सापडणारे, छपरावरून पडणारे जखमी आहेतच. त्यांची गणना रस्ते अपघातांत होत नाही.

समजा, एखाद्या पावसाळी रात्री उचगावच्या पुलाजवळ एक परप्रांतीय क्लीनर जबर जखमी झाला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि ती मोठीच सोय आहे. रुग्णवाहिकेच्या दफ्तरी फोनची आणि पोचण्याची वेळ नोंदली जाते. रुग्ण कोल्हापुरातल्या सी.पी.आर. रुग्णालयात, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या थोरल्या दवाखान्यात येतो. तेथे केसपेपर निघतो, एम.एल.सी.च्या वहीत नोंद होते. पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होतो, पंचनामा होतो. दोन दिवसांनी मालक किंवा नातेवाईक त्याला मिरजेला, बेळगावला किंवा पुण्याला हलवतात. तेथे नवा केसपेपर तयार होतो. बाराव्या दिवशी तो दगावतो. शवविच्छेदनाचा अहवाल त्या गावी आणि मृत्यूची नोंदही त्याच गावच्या निबंधकाकडे, कारण कायद्याने मृत्यू जेथे घडला तेथेच नोंदवायचा असतो. पुढे भरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढे जातो, तो आणखी तिसऱ्याच जिल्ह्यात असू शकतो.

एका माणसाच्या बारा दिवसांविषयी सहा-सात दफ्तरांत लिहिले गेले. प्रत्येक दफ्तर आपापल्या कामापुरते चोख असेलही. पण त्या सगळ्यांतून एक सलग कथा कोणाच्याच हाती लागत नाही. पंचनामा विचारतो की दोष कोणाचा. केसपेपर विचारतो की आज काय उपचार द्यायचे. न्यायाधिकरण विचारते की भरपाई किती. जखमेच्या क्षणापासून मृत्यूच्या क्षणापर्यंत काय काय घडले, रक्तस्राव केव्हा थांबवला गेला, सी.टी. स्कॅन किती वेळाने झाला, शल्यचिकित्सक होता का, रक्त होते का, हे विचारणारे दफ्तरच अस्तित्वात नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी तशाच जखमेचा दुसरा माणूस आला, तर आदल्या मृत्यूपासून कोणी काही शिकलेले असेलच, असे सांगता येत नाही.

आता थोडे आकड्यांकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. म्हणजे एका मृत्यूमागे तीनाहून कमी जखमी. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये १,७११ मृत्यू झाले आणि मृत व जखमी मिळून नोंदलेली संख्या १,३५,४८० होती, म्हणजे एका मृत्यूमागे जवळजवळ ऐंशी. आपले रस्ते आणि वाहने अधिक जीवघेणी आहेत हे मान्य केले, तरी एवढी तफावत केवळ त्याने उलगडत नाही. सरळ निष्कर्ष असा की आपल्याकडे बहुसंख्य जखमी कागदावर येतच नाहीत. मृतांच्या आकड्याविषयीही एकमत नाही. २०२१ साठी सरकारी आकडा १,५३,९७२ होता, तर जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज दोन लाख सोळा हजारांच्या घरात. या दोन आकड्यांच्या मधली साठ हजारांहून अधिक माणसे खरोखर अपघातांत गेली की नाही, हेच आपल्याला ठामपणे म्हणता येत नाही. पाय गमावून, मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळलेल्यांचा हिशेब तर याहूनही अंधूक आहे.

नोंद नसल्याने काय होते आणि ती झाल्याने काय बदलते, हे शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासातच तीन प्रसंग सापडतात.

पहिला १८७६-७८ च्या दुष्काळाचा. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली होती. दुष्काळ पडताच न्या. रानडे आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या या सभेने गावोगावच्या आपल्या माणसांकडून पिकांची, धान्याच्या भावांची, कामावरच्या मजुरांची माहिती मागवली आणि ती पत्रांतून सरकारपुढे मांडली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी दिवसाला सुमारे एक पौंड धान्यावर आणली. तिला विरोध करताना सभेच्या हाती कळवळ्याबरोबर तपशील होता. अर्ज-विनंत्यांच्या राजकारणाची पुढे पुष्कळ थट्टा झाली. पण सरकारी आकड्यासमोर दुसरा आकडा ठेवायचा असतो, ही शिस्त या सभेने घालून दिली, हे विसरता येत नाही.

दुसरा प्रसंग मुंबईच्या प्लेगचा. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मुंबईत मृत्यूनोंदणी होती, आठवड्याचे तक्ते निघत होते. परंतु प्लेग लिहिला की घर धुऊन काढणार, माणसे विलगीकरणात नेणार, या धास्तीने प्लेगचे मृत्यू इतर नावांखाली, कधी साध्या तापाखाली, नोंदले जाऊ लागले. मागच्या वर्षांच्या सरासरीशी एकूण मृत्यूंची तुलना केली तेव्हाच खरा संहार किती ते दिसले. यातून मिळणारा धडा दुहेरी आहे. मृत्यूंचा सलग हिशेब असला तर लपवलेली साथही उघडी पडते. आणि नोंदीमागोमाग दंडुका येणार असेल, तर लोक खोटे लिहितात. आजच्या नोंदवहीचा आराखडा करणाऱ्यांनी हा दुसरा भाग विशेष लक्षात ठेवला पाहिजे.

तिसरा प्रसंग बार्शीचा. तो अलीकडचा आहे आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुंबईत १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही सुरू झाली. पुढे १९८०च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. परंतु या सगळ्या नोंदी शहरांच्या होत्या. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात देशातील पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील साडेतीनशेच्या आसपास गावे तिच्या कक्षेत होती. खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत येत नाही, हे ओळखून डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटी वाट धरली. नोंद करणारी माणसे गावोगाव जाऊ लागली, लक्षणे समजावून सांगू लागली. काही वर्षांतच असे आढळले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येत आहेत. नोंद घ्यायला गेलेल्यांनी केलेली विचारपूस हाच एक उपचार ठरला.

याच भूमीवर पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केल्याने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात, हा त्याचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर धोरणांचा आधार झाला. तो शक्य झाला, कारण कोण आजारी पडले आणि कोण दगावले हे वर्षानुवर्षे चिकाटीने लिहून ठेवण्याची सवय या भागात आधीपासून रुजली होती. कर्करोगाच्या बाबतीत बार्शीला जे जमले, ते जखमांच्या बाबतीत उचगावला का जमू नये?

जखमांच्या नोंदवहीचा अनुभव अन्यत्र आहेच. अमेरिकेत १९६६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती इजांना आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग म्हटले. तीन वर्षांनी शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात संगणकावरची पहिली ट्रॉमा नोंदवही सुरू झाली. परंतु आपल्याला अधिक शिकवणारे उदाहरण इंग्लंडचे आहे, कारण तेथेही सार्वजनिक रुग्णालयांचा मोठा व्याप आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये जखमी रुग्णांची नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले आणि हळूहळू देशभर पसरले. २००७ च्या एका राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून अधिक जबर जखमींना अपेक्षित दर्जाची सेवा मिळत नाही, असे निघाले. त्यानंतर २०१० मध्ये लंडनमध्ये आणि २०१२ मध्ये उर्वरित इंग्लंडमध्ये जबर जखमींसाठी ठरावीक रुग्णालयांची जाळी उभारली गेली. २००८ ते २०१७ या काळात जखमेची तीव्रता, वय इत्यादी बाबी जमेस धरून रुग्ण वाचण्याची शक्यता एकोणीस टक्क्यांनी वाढल्याचे याच नोंदवहीतून सिद्ध करता आले. शिवाय एक अनपेक्षित गोष्ट दिसली. जबर जखमी म्हणजे वेगात गाडी चालवणारा तरुण, असे सर्वांच्या मनातले चित्र होते. प्रत्यक्षात घरातल्या घरात पडलेल्या वृद्धांचा वाटा फार मोठा निघाला. आपल्याकडचे चित्र कोणते निघेल, हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही.

येथे एक तांत्रिक, पण कळीचा मुद्दा आहे. नुसते मृत्यू मोजून भागत नाही. एखाद्या छोट्या खासगी दवाखान्यात मृत्यू कमी होतात, कारण तो गंभीर रुग्ण लगेच पुढे पाठवतो. सी.पी.आर.सारख्या सार्वजनिक रुग्णालयाला कोणालाच नाही म्हणता येत नाही, म्हणून तेथे मृत्यू अधिक होतात. तीव्रतेचा विचार न करता दोघांची तुलना केली, तर सर्वांत अवघड काम करणारा सर्वांत वाईट ठरतो. सभासदाचे ते ‘जखम पाहून’ येथे पुन्हा उपयोगी पडते. जखम किती भारी होती हे ठाऊक असेल, तरच अमुक रुग्ण वाचायला हवा होता, असे म्हणता येते. आणि असे म्हणता आले, तरच तो का वाचला नाही याची चौकशी सुरू होते.

भारतात हे होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना मुंबईने उत्तर दिलेले आहे. २०१३ ते २०१५ या काळात मुंबईचे के.ई.एम. आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीच्या ‘एम्स’चे ट्रॉमा केंद्र आणि कोलकात्याचे एस.एस.के.एम. रुग्णालय अशा चार ठिकाणी मिळून सुमारे सोळा हजार जखमींची पद्धतशीर नोंद करण्यात आली. डॉक्टरांवर भार न टाकता त्यासाठी वेगळी प्रशिक्षित माणसे नेमली होती. दाखल झालेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्ण दगावले, हे त्यातून कळले. पण हा संशोधनप्रकल्प होता. प्रकल्पाची मुदत संपते, जखमींची रांग संपत नाही.

सरकारी प्रयत्नही झाले आहेत. अकराव्या पंचवार्षिक योजनेत महामार्गांलगतच्या रुग्णालयांत ट्रॉमा केंद्रे उभारण्याचा कार्यक्रम आला. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात इजांच्या देखरेखीचे आणि ट्रॉमा नोंदवहीचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. २०२१ पासून रस्ते अपघातांची एकात्मिक संगणकीय नोंद सुरू झाली आणि पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु या संगणकीय नोंदीचा आरंभ पोलिसांपासून होतो आणि तिची हद्द रस्त्यापुरती आहे. देशातील प्रत्येक ट्रॉमा केंद्राला बंधनकारक, सर्व प्रकारच्या जबर इजा सामावणारी आणि रुग्णाला घटनास्थळापासून तीस दिवसांपर्यंत सोबत करणारी नोंदवही अद्याप उभी राहिलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने इजेनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून जागा दिली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित झाली. तास कायद्यात आला, पैसाही आला. त्या तासात किती जण कोणत्या दारापर्यंत पोचले आणि त्या पैशाने किती प्राण वाचले, हे मोजण्याची सोय मात्र मागे राहिली.

ही नोंदवही राष्ट्रीयच का हवी, जिल्ह्याची किंवा राज्याची का चालणार नाही? उत्तर उचगावच्या रस्त्यावरच आहे. चालक राजस्थानचा, गाडी कर्नाटकाची, अपघात करवीर तालुक्यात आणि मृत्यू बेळगावात, असे येथे सहज घडू शकते. जखमी माणूस राज्याची सीमा ओलांडतो. त्याचा कागद ओलांडत नाही. महामार्ग राष्ट्राचा असेल, तर त्यावर सांडलेल्या रक्ताचा हिशेबही राष्ट्रानेच ठेवला पाहिजे. शिवाय कोल्हापूरच्या अनुभवाची सोलापूरशी किंवा तमिळनाडूतल्या एखाद्या जिल्ह्याशी तुलना करायची, तर शब्दांचे अर्थ आणि मापे सगळीकडे एकच लागतात.

याला आक्षेप आहेत आणि ते गैरलागू नाहीत. डॉक्टरांना लिहायला वेळ नाही, हा पहिला. तो खरा आहे, म्हणून नोंद करणारी वेगळी पदे हवीत आणि नोंदीच्या बाबी मोजक्या हव्यात. इजेची आणि पोचण्याची वेळ, नाडी, रक्तदाब, श्वसन, शुद्ध, इजेचे स्वरूप, केलेले उपचार, कोठून आला, कोठे पाठवला आणि शेवट काय झाला, एवढ्यावर पुष्कळ काम भागते. दुसरा आक्षेप भीतीचा. या नोंदी उद्या न्यायालयात डॉक्टरांविरुद्ध वापरल्या गेल्या तर? मुंबईच्या प्लेगचा धडा येथे लागू होतो. शिकण्यासाठी केलेल्या नोंदीला कायद्याचे संरक्षण दिले नाही, तर ती खोटी निपजेल. रुग्णाची ओळख गुप्त ठेवणे हेही त्यातच आले. तिसरा आक्षेप असा, की रक्तपेढी आणि शल्यचिकित्सक नसताना वहीचे काय लोणचे घालायचे? नोंदवही रक्तस्राव थांबवत नाही, हे खरेच. पण रक्त कोठे कमी पडले, कोणत्या रुग्णालयात रात्रीचा भूलतज्ज्ञ नसल्याने माणसे दगावली, हे पुराव्यानिशी दाखवता आले, तरच पुढच्या अंदाजपत्रकात त्याची मागणी रेटता येते. सार्वजनिक सभेने दीडशे वर्षांपूर्वी तेच केले होते.

आपण मराठी माणसे इतिहासाच्या साधनांविषयी हळवे आहोत. पेशवे दफ्तरातील चिठ्ठीचपाट्यांवर आपल्याकडे आयुष्ये वेचली गेली आहेत. तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत कोण पडले, कोणाला काय दिले, यावर आपण हिरिरीने वाद घालतो आणि ते योग्यही आहे. त्याच आस्थेचा काही अंश आजच्या साधनांना मिळाला पाहिजे. उचगावच्या पुलाजवळ काल रात्री जखमी झालेल्या माणसाची नाडी दवाखान्यात पोचताना किती होती, हेही इतिहासाचे साधन आहे, आणि ते हाताशी असेल तर त्याच्या मागून येणाऱ्या एखाद्याचा जीव वाचू शकतो. ते लिहून घेणारा एक माणूस महामार्गालगतच्या प्रत्येक ट्रॉमा केंद्रात दिवसरात्र पाळीपाळीने नेमावा आणि त्याने लिहिलेले एकाच राष्ट्रीय दफ्तरात जमा व्हावे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.